प्रौढांचा अवधानदोष : योग्य औषध कसे ठरते?



'याचं चित्त ठिकाणावर नाही,' हे वाक्य आपण घरात, वर्गात आणि रानात कोणाला ना कोणाला रोज ऐकवत असतो. बहुतेक वेळा त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. रात्री झोप झाली नसेल, घरात कोणी आजारी असेल, पाऊस लांबला असेल, तर कोणाचे चित्त ठिकाणावर राहील? पण काही माणसांना हे वाक्य सहाव्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंत ऐकावे लागते. शाळेत गुरुजी म्हणतात, घरी वडील म्हणतात, नोकरीत साहेब म्हणतात, आणि लग्नानंतर बायको म्हणते किंवा नवरा म्हणतो. अशा माणसांपैकी काहींच्या ठिकाणी आळस नसतो आणि बेपर्वाईही नसते. त्यांच्या मेंदूच्या जडणघडणीतच एक उणीव असते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' असे म्हणतात. आपण सोयीसाठी तिला अवधानदोष म्हणू.

हा दोष लहान मुलांत असतो, हे आता बऱ्याच शिक्षकांच्या कानांवर आलेले आहे. तो मोठेपणीही राहतो आणि मोठ्या माणसालाही त्यावर औषध मिळते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतलेही काहीजण औषध सुरू करतात आणि आठ-पंधरा दिवसांत 'हे काही आपल्याला लागू पडत नाही' म्हणून सोडून देतात. खरे पाहता त्या वेळी औषध ठरण्याचे काम नुकते कुठे सुरू झालेले असते. म्हणून आज मला एकाच प्रश्नावर बोलायचे आहे : एखाद्या प्रौढ माणसासाठी योग्य औषध आणि त्याची योग्य मात्रा कशी ठरते?

मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा किती मिलिग्रॅमची गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, आणि माझ्यासारख्या कोणी सांगितले तर तुम्ही ऐकूही नये. पण एखादी गोष्ट कोणत्या रीतीने ठरते, हे समजावून सांगणे शिक्षकाच्या कामातच येते.

समजा, निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात एक गुरुजी आहेत. वय अडतीस. शिकवण्यात वाकबगार, गोष्ट सांगायला लागले की वर्ग भान हरपून ऐकतो. पण हजेरीपट अर्धवट राहतो. पोषण आहाराचा हिशेब महिनाअखेरीला रात्र जागून कसाबसा पुरा होतो. मोटारसायकलची किल्ली रोज सकाळी हरवलेली असते. पीकविम्याची मुदत गेली, ती कागद घरात तयार असताना गेली. केंद्राच्या बैठकीत त्यांना तासभर एका जागी बसवत नाही, आणि दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच हे उत्तर देऊन मोकळे होतात. गाव म्हणते, 'गुरुजी हुशार आहेत, पण धांदरट.' घरातून ऐकू येते, 'अहो, तुमच्यावर एक काम सोपवायची सोय नाही.' आणि गुरुजी स्वतःला मनातल्या मनात जे शब्द वापरतात, ते याहून कठोर असतात. असे एक गुरुजी डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

पहिली गोष्ट म्हणजे निदान. औषध योग्य ठरण्यासाठी आधी रोग तोच असला पाहिजे. या दोषासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र काढून तो दिसत नाही. तो कळतो माणसाच्या आयुष्याचा इतिहास नीट विचारल्याने. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत यासाठी लक्षणांच्या दोन याद्या आहेत, प्रत्येकी नऊ लक्षणांच्या. एक लक्ष न टिकण्याची आणि दुसरी चंचलपणाची व उतावीळपणाची. सतरा वर्षांवरील माणसात यांपैकी एका यादीतली किमान पाच लक्षणे असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, नोकरी, समाज अशा किमान दोन ठिकाणी आड येत असावी लागतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांवरून असा अंदाज आहे की शंभर प्रौढांमागे दोघा-तिघांना हा त्रास असतो.

बाराव्या वर्षाआधीची ही अट महत्त्वाची आहे. गेल्या वर्षापासून लक्ष लागेनासे झाले असेल, तर कारण बहुधा दुसरे असते. थायरॉईड बिघडलेला असतो, अंगात रक्त कमी असते, झोपेत श्वास अडखळत असतो, मन उदास झालेले असते, किंवा रोज संध्याकाळी दारू पोटात जात असते. म्हणून चांगला डॉक्टर आधी या गोष्टी तपासतो. तो गुरुजींच्या आईला किंवा थोरल्या बहिणीला बोलावून विचारतो, 'लहानपणी हे कसे होते?' जुने प्रगतिपुस्तक ट्रंकेत असेल तर तेही न्यावे. 'हुशार, पण लक्ष देत नाही' असा तीस वर्षांपूर्वीचा शेरा निदानाला फार उपयोगी पडतो.

आता औषधाचा थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, असे त्यांनी मांडले. पुढे 1937 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या 30 मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. उत्तेजकाने मुले अधिकच उधळतील असे कोणालाही वाटावे. पण त्यांतली 14 मुले अभ्यासात विलक्षण सुधारली, तीही पहिल्या दिवसापासून. नंतर 1944 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी मिथिलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रिटा, म्हणून औषध बाजारात आले ते 'रिटालिन' या नावाने, 1954 साली. मोठ्या माणसांत हा दोष शिल्लक राहतो आणि औषधाने त्यांनाही गुण येतो, हे 1976 साली अमेरिकेतल्या यूटा येथे पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले.

यात ब्रॅडली यांचा आकडा ध्यानात ठेवा. तीसपैकी चौदा. औषध एक, डॉक्टर एक, जागा एक, तरी सगळ्यांना सारखा गुण आला नाही. जवळपास नव्वद वर्षे झाली, औषधे पुष्कळ सुधारली, पण ही गोष्ट अजून तशीच आहे. कोणाला कोणते औषध मानवेल, हे आधीच सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही. ते देऊन, पाहून आणि नोंदवूनच ठरते.

असे का होते? मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये बारीक फट असते. एका पेशीला दुसरीकडे निरोप पोचवायचा असला, की ती त्या फटीत एक रासायनिक द्रव्य सोडते. दुसरी ते टिपते, आणि उरलेले द्रव्य पहिली परत ओढून घेते. लक्ष टिकवणे, हातचे काम पुरे करणे आणि मनात आलेली लहर आवरणे, यांसाठी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही दोन द्रव्ये फार महत्त्वाची आहेत. मिथिलफेनिडेट ही दोन्ही द्रव्ये परत ओढली जाण्याचे काम मंद करते, त्यामुळे ती फटीत अधिक वेळ टिकतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यापर्यंत न्यायचे आहे, पण पाटात ते फार मुरते, आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. औषध विहिरीत पाणी घालत नाही, ते पाटातली मुरण कमी करते. मुरण थोडीच कमी झाली तर वाफा कोरडाच राहतो. फारच कमी झाली तर पाणी तुंबून वाफा फुटतो. किती कमी करायची, हे ज्याच्या त्याच्या पाटावर अवलंबून असते. म्हणून शेजाऱ्याला जी मात्रा लागू पडली ती तुम्हाला लागू पडेलच असे नाही. मोठ्या माणसांत वजनावरूनही ती नेमकी काढता येत नाही. धिप्पाड गड्याला थोडी पुरते आणि किरकोळ माणसाला जास्त लागते, असेही घडते.

आपल्या देशात या दोषासाठी डॉक्टर मुख्यतः दोन औषधांचा विचार करतात. पहिले मिथिलफेनिडेट. ते घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात परिणाम दिसू लागतो. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा आठ तास किंवा त्याहून अधिक. दुसरे अ‍ॅटोमॉक्सेटिन. अमेरिकेत त्याला 2002 साली मान्यता मिळाली, आणि ती मुलांबरोबर प्रौढांसाठीही होती. ते उत्तेजक वर्गातले नाही. ते मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनलिनवर काम करते, रोज घ्यावे लागते, आणि त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. या दोन्हींचा उपयोग होत नसेल किंवा ती चालत नसतील, तर डॉक्टरांकडे आणखीही पर्याय असतात.

2018 साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात 133 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मुलांसाठी मिथिलफेनिडेट आणि प्रौढांसाठी अ‍ॅम्फेटामिन वर्गातली औषधे प्रथम पसंतीची, असा त्याचा निष्कर्ष होता. परदेशी असलेला एखादा भाचा फोनवर अशा औषधाचे नाव सांगेल. पण परदेशातली सगळी औषधे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या हाताशी नसतात. मिथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दोन्ही औषधे प्रौढांत परिणामकारक ठरलेली आहेत. तेव्हा 'तिकडचे औषध नाही, म्हणून इलाज नाही' असे समजून बसू नये.

आता गुरुजी लातूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले आहेत असे धरू. डॉक्टर आधी त्यांचा रक्तदाब, नाडी आणि वजन पाहून केसपेपरवर लिहितात. हृदयाचा विकार, फेफरे, काचबिंदू, घरात कोणी अकाली हृदयविकाराने गेले आहे काय, पूर्वी कधी मनाचा तोल गेला होता काय, हे विचारतात. दुसरी कोणती औषधे चालू आहेत तेही विचारतात. येथे काहीही लपवू नये. गावातल्या वैद्याची पुडी, तंबाखू, दारू, दिवसातून किती कप चहा, सगळे सांगावे. चहाने आणि या गोळीने, दोन्हींनी, छातीत धडधड होऊ शकते. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याने दोष गोळीला द्यावा की चहाला, हे मग कळेनासे होते.

डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतात. गुरुजी आठ दिवसांनी परत जातात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, काहीच फरक नाही बघा. गोळी बदलून द्या."

डॉक्टर विचारतात, "गुरुजी, गोळी किती वाजता घेता?"

"कधी आठला, कधी दहाला. दोन दिवस विसरलोच."

"आणि फरक नाही हे कशावरून ठरवलंत?"

गुरुजींजवळ याचे उत्तर नसते. ज्या दोषामुळे गोष्टी ध्यानात राहत नाहीत, त्याच दोषाचे औषध ध्यानात ठेवून घ्यायचे आहे, ही या उपचारातली खरी अडचण आहे. म्हणून डॉक्टर सांगतात, "एक वही करा. आणि वहिनींनाही लिहायला सांगा."

ही वही म्हणजे अर्धा उपचार होय. तिच्यात रोज चार-पाच गोष्टी लिहायच्या. गोळी किती वाजता घेतली. परिणाम कधी जाणवला आणि कधी ओसरला. भूक कशी होती आणि झोप किती वाजता लागली. आणि शेवटी, आधी ठरवून घेतलेल्या दोन-तीन कामांचे काय झाले. ही कामे मोजता येण्याजोगी असावीत. 'लक्ष लागते का?' असा प्रश्न उपयोगाचा नाही. 'हजेरीपट त्याच दिवशी भरला का? किल्ली किती वेळा शोधली? समोरच्याचे बोलणे किती वेळा मध्येच तोडले?' असे प्रश्न हवेत. घरातल्या माणसाची नोंद वेगळी असावी. कारण फरक पुष्कळदा आधी दुसऱ्याला दिसतो. गुरुजी लिहितात, 'विशेष काही नाही,' आणि त्याच दिवशी बाई लिहितात, 'आज दळण न विसरता आणलं.'

चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर एक भिंग लावून विचारतात, 'आता कसं दिसतं?' मग दुसरे लावतात. पहिल्या भिंगाने धूसर दिसले म्हणून कोणी खुर्चीवरून उठून जात नाही. येथेही तसेच आहे, फक्त एकेका भिंगाला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. मात्रा पायरीपायरीने वाढवली जाते, आणि प्रत्येक पायरीवर रक्तदाब, नाडी व वजन पाहिले जाते. 2018 साली सुधारलेल्या ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे की एक औषध पुरेशा मात्रेत सहा आठवडे देऊन पाहावे, आणि तरी पुरेसा लाभ झाला नाही तर दुसऱ्याकडे वळावे. म्हणजे योग्य औषध सापडायला दोन-तीन महिने लागले, तर त्यात रोग्याचे किंवा डॉक्टरांचे काही चुकले असे नव्हे. हा काळ आधीच धरून चालावे.

मात्रा योग्य झाली हे कसे ओळखावे? पुष्कळांची कल्पना असते की गोळी घेतली की डोक्यात लख्ख उजेड पडेल. तसे होत नाही. योग्य मात्रेवर माणूस आपल्या स्वभावाचाच राहतो. त्याची थट्टामस्करी जात नाही, गाणे-गोष्टी जात नाहीत. फक्त काम सुरू करणे आणि शेवटाला नेणे त्याला थोडे सोपे जाते. मात्रा जास्त झाली तर माणूस गप्प-गप्प आणि यंत्रासारखा होतो, चिडतो, हात थरथरतात, छाती धडधडते, रात्र जागून काढतो. 'आमचे गुरुजी हसायचे विसरले' असे मुले म्हणू लागली, तर ती गोष्ट वहीत लिहून डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. तो सुधारणेचा भाग नव्हे.

लहानसहान त्रास पुष्कळांना होतात. मिथिलफेनिडेटने भूक मरते, तोंड कोरडे पडते, डोके दुखते, झोप उशिरा लागते. भुकेसाठी सकाळी भाकरी-भाजी खाऊन मग गोळी घ्यावी आणि संध्याकाळी नीट जेवावे. झोपेसाठी गोळीची वेळ अलीकडे आणता येते, पण ती डॉक्टरांना विचारून. दुपारी चार वाजता परिणाम ओसरतो आणि माणूस एकाएकी चिडका होतो, असे वहीत वारंवार दिसले, तर डॉक्टर लांब टिकणारी गोळी देण्याचा विचार करतात. म्हणजे औषध तेच राहिले तरी त्याचा प्रकार बदलून काम होते. अ‍ॅटोमॉक्सेटिनने मळमळते, पोट साफ होत नाही, लघवीला अडखळते. हे सुरुवातीच्या काही आठवड्यांत बरेचदा कमी होते. पण छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, भास होणे, डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणे, जीव नकोसा वाटणे, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खेड्यातल्या माणसापुढे आणखी एक अडचण असते, ती अंतराची आणि कायद्याची. मिथिलफेनिडेटचा दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून 1985 च्या अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली ते येते. औषधविषयक नियमांच्या 'एक्स' अनुसूचीतही ते आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, आणि त्यांतली एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हे औषध फोनवरून किंवा पडद्यावरून तपासून लिहून देता येत नाही. तेव्हा तालुक्याच्या हरेक दुकानात ते असेल असे धरू नये. ज्या गावी दाखवले तेथेच, एस.टी. पकडण्याआधी, दुकान विचारून घ्यावे आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फेरी ठरवावी. अ‍ॅटोमॉक्सेटिन नेहमीच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणून ज्याला वारंवार लातूरला जाणे जमणार नाही, त्याने हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. औषध निवडताना रोग्याचा रस्ता, खिसा आणि कामाच्या वेळा हीदेखील कारणे असतात, आणि ती सांगण्यात कमीपणा नाही.

दाखवायचे कोठे? लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले, तर 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो फोन फुकट आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. मानसोपचार म्हटले की वेडाच्या दवाखान्याची आठवण काढणारे लोक अजून आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण नावे ठेवत नाही, मग या गोळीलाच का ठेवावीत?

'याची सवय लागेल का?' हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, तोंडाने आणि देखरेखीखाली घेतले तर हा धोका कमी असतो. धोका वाढतो तो मनाने मात्रा वाढवल्याने आणि दुसऱ्याची गोळी घेतल्याने. लातूरच्या शिकवण्यांना जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे विशेष ऐकावे. ही 'अभ्यासाची गोळी' नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून घेतलेली गोळी झोप उडवील, पण पाठांतर करून देणार नाही. आणि अशी गोळी दुसऱ्याला देणे हा कायद्याने गुन्हा आहे.

बायकांविषयी दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. मुलींत हा दोष दंग्याच्या रूपाने कमी आणि स्वप्नाळूपणाच्या रूपाने अधिक दिसतो. म्हणून शाळेत तो कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे संसारात दूध उतू जाते, औषधाची वेळ चुकते, पाहुण्यांसमोर बोलणी खावी लागतात. 'हिला वळणच नाही' एवढ्यावर विषय संपतो. अशा भगिनीचीही तपासणी व्हावी. दिवस गेले असतील, जायची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना औषध सुरू होण्याआधीच सांगावे.

औषध ठरले म्हणजे सगळे झाले असेही नाही. गोळी काम सुरू करायला बळ देते, पण कोणते काम आधी करायचे ते सांगत नाही. किल्लीला एकच खुंटी, कागदांना एकच पिशवी, मोबाईलवर गजर, मोठ्या कामाचे लहान तुकडे, या सवयी गोळीबरोबरच लावून घ्याव्या लागतात. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांबरोबर बसून, हे औषध अजून हवे काय, मात्रा तीच ठेवायची काय, हे तपासावे. आपल्या मनाने मात्र ते बंद करू नये.

हे सारे कशासाठी करायचे? हजेरीपट वेळेवर भरण्यासाठी तर खरेच. पण मोटारसायकलवर, मळणीयंत्रापाशी आणि फवारणीच्या वेळी लक्ष क्षणभर उडाले, तर त्याची किंमत हातापायाने किंवा जिवाने मोजावी लागते. स्वीडनमध्ये हा दोष असलेल्या हजारो माणसांच्या नोंदी तपासून 2014 साली असे दिसले की औषध चालू असलेल्या काळात त्यांतल्या पुरुषांचे रस्त्यावरचे गंभीर अपघात कमी होते.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती आहे. वर्गातल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना 'लक्ष देत नाही' एवढेच लिहू नका. 'कोणत्या वेळी, कोणत्या कामात, किती वेळ लक्ष टिकते' हे दोन ओळींत लिहा. आज त्या लेकराला त्याचा उपयोग होईल, आणि कदाचित पंचवीस वर्षांनी ट्रंकेतून निघालेल्या त्याच दोन ओळी एखाद्या डॉक्टरला निदानाची वाट दाखवतील. तुमच्या शेजारच्या वर्गावर शिकवणारा एखादा सहकारी आज औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असेल आणि कंटाळून म्हणत असेल, 'सोडून देतो आता.' त्याला विचारा, 'वही लिहिलीस का?' लिहिली असेल तर ती घेऊन त्याला पुन्हा डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि जमले तर त्या दिवशी त्याचा वर्ग तुम्ही सांभाळा.